पिवडी कीं बदामी?

अलीबाग, चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यावर (१९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई) पावसाळा सरला कीं भिंतींस चुना देण्याचा परिपाठ जुना. अंगणाचें काम निमूट उरके; मतभेद होत ते ओटीच्या भिंतीवरून. पिवडी द्यावी कीं बदामी? परक्यास दोहोंत भेद दिसणार नाहीं. पण ज्यांस वर्षभर त्या भिंतीसमोर बसावयाचें, त्यांस तो चांगलाच दिसतो.

दोन्ही रंगांचा पाया चुना. समुद्रकांठीं तो शिंपले भाजून करीत. भट्टींत शिंपल्यांतील कर्बवायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विरवून भिंतीस दिला म्हणजे हवेंतून तोच वायु परत शोषून पुन्हां कठीण बनतो. पोर्तुगीजांनीं १५२१ सालीं बांधावयास घेतलेला आणि १७४० सालीं मराठ्यांच्या हातीं आलेला रेवदंड्याचा कोट आजहि भग्नावस्थेंत उभा आहे, तो चुन्याच्याच सांध्यांवर.

परंतु चुना तीव्र क्षार. वनस्पतींपासून काढलेले पुष्कळ रंग त्याच्या संगतींत टिकत नाहींत. टिकतात त्या मातीच्या जाती, पिवडी आणि गेरू. दोन्ही लोखंडाच्या गंजाचींच रूपें. पिवडींत पाण्याचा अंश असतो. ती तापविली म्हणजे तो उडून गेरूसारखी तांबडी होते. पिवडींत चिमूटभर गेरू पडला कीं बदामी. म्हणजे भांडण सख्ख्या भावंडांतलें! शिवाय माती बेतानेंच घालावी लागे. अधिक झाल्यास ती सुटून टेंकणाऱ्याच्या सदऱ्यास लागे. त्यामुळें गडद रंग मागणाऱ्यासहि फिकाच मिळे.

निवड फसते ती ओलेपणीं. ओला चुना गडद दिसतो व वाळल्यावर फारच फिका पडतो. म्हणून दोन पट्टे ओढून ते पुरे वाळूं द्यावे आणि सकाळीं व दिवेलागणीस असे दोनदां पाहावे, हेंच शहाणपणाचें. त्यांतहि डोळा दगा देतोच. पॅरिसच्या गोबेलिन्स कारखान्यांत रंगशाळेचे प्रमुख असलेल्या शेव्ह्रल यांजकडे काळा रंग निस्तेज येतो अशी तक्रार आली. रंगांत दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळें तो तसा भासे. त्यांचा यावरील ग्रंथ १८३९ सालीं निघाला. कोंकणांतल्या ओटीसहि तोच नियम. तांबूस सागवानी चौकटीशेजारीं बदामींतला तांबूसपणा मावळतो, आणि वाडीच्या हिरव्या उजेडांत पिवडी किंचित् हिरवट वाटते. अंधाऱ्या माजघराला मात्र पिवडीच बरी.

महायुद्धामुळें परदेशी रंगांची आयात अडली असतां १९४२ सालीं मुंबईंत एशियन पेंट्सची स्थापना झाली, आणि पुढें डबाबंद रंगांचें युग आलें. छटांचीं नांवें वाढलीं, पण जुन्या भिंतींचा स्वभाव बदलला नाहीं. या किनाऱ्यावर वर्षाकांठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जमिनीतून चढणारी ओल चुना बाहेर जाऊं देतो. तैलरंगाचा पापुद्रा ती अडवितो. मग खारट ओल आंत सांचून गिलावा फुगतो. पोपडे प्रथम तळाशीं, जमिनीपासून हात-दोन हातांवर सुटतात, आणि त्यांखालीं आजोबांच्या वेळची पिवडी दिसूं लागते.