पेल्याखालची लोकर

अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक खोऱ्यात दगडधोंड्यांचे मोठे ढिगारे आहेत. त्यांच्या पोटात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भटक्या टोळ्यांमधल्या बड्या मंडळींच्या कबरी आहेत. चोरांनी त्या फार पूर्वीच फोडल्या आणि सोनंनाणं लांबवलं. पण त्यांनी पाडलेल्या भोकांतूनच पाणी आत उतरलं, गोठलं आणि मग वितळलंच नाही. चोरांच्या लेखी ज्याला किंमत नव्हती, ते सगळं त्या बर्फाने जपून ठेवलं: लाकूड, कातडं, कापड, केस आणि लोकर.

१९२९ मध्ये यातली पहिली मोठी कबर उघडली गेली आणि १९४७ ते १९४९ या काळात सर्गेई रुदेन्को या सोव्हिएत पुरातत्त्वज्ञाने आणखी काही कबरी खणल्या. पाचव्या कबरीतला गाठींचा गालिचा जगभर गाजला. त्याच कबरीत साडेचार बाय साडेसहा मीटरचा एक पडदा निघाला, तो अख्खा फेल्टचा, म्हणजे न विणता दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा. सिंहासनावर बसलेली देवी आणि तिच्यासमोर आलेला घोडेस्वार हे दृश्य त्यावर पुन्हा पुन्हा येतं. या भव्य मालात एक लहानशी वस्तू सहज नजरेतून सुटते: फेल्टची जाड कडी. त्या लोकांची बरीचशी भांडी गोल बुडाची होती. ती कलंडू नयेत म्हणून त्यांच्याखाली ही कडी ठेवत. घागरीखाली चिंध्यांची चुंबळ ठेवणाऱ्या माणसाला तिचा उपयोग समजावून सांगावा लागणार नाही. पाय सुटे करता येतील असे छोटे लाकडी चौरंगही तिथे सापडले आहेत. म्हणजे चौरंग, त्यावर पेला आणि पेल्याखाली लोकर, अशी सगळी मांडामांड तेव्हाच तयार होती.

कपाखाली ठेवायची फेल्टची चकती आज हौशी हस्तकलेत मोडते. सुट्टीत घरी बसून करायची, भेट म्हणून द्यायची वस्तू. तिची कुळी जुनी असली तरी मधला प्रवास सरळ नाही. एकदा तर तिला टेबलावरून चक्क हाकलून दिलं गेलं, आणि तेही तिच्या सगळ्यात मोठ्या गुणापायी.

तो गुण समजायचा तर आधी लोकरीचा स्वभाव पाहायला हवा. मेंढीच्या केसावर अतिशय बारीक खवले असतात आणि त्या सगळ्यांचा रोख केसाच्या टोकाकडे असतो. गरम पाणी आणि साबण लावून लोकर चोळली की केस मुळाच्या दिशेने सरकत राहतात, एकमेकांत घुसतात आणि खवल्यांमुळे त्यांना मागे फिरता येत नाही. गरम पाण्यात धुतलेला स्वेटर आटतो, त्यामागेही हेच कारण. सुताला हे जमत नाही, तागाला नाही, रेशमालाही नाही. लोकर मात्र आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. उष्णताही सहसा पलीकडे जाऊ देत नाही. शिवाय फेल्टला सूत कातावं लागत नाही, की माग लागत नाही. दर ऋतूला मुक्काम हलवणाऱ्यांना मागाचं ओझं कोण सांगणार?

मंगोलियात फेल्ट करण्याची जुनी रीत अशी: लोकर काठ्यांनी झोडपून मोकळी करायची, आधीच्या वर्षीच्या जुन्या फेल्टवर तिचे थर पसरायचे, पाणी शिंपडायचं, सगळं एका दांड्याभोवती गुंडाळून कातड्यात बांधायचं आणि ती वळकटी घोड्यामागे जोडून माळावर फिरवायची. काम एकट्यादुकट्याचं नाही, शेजारपाजार गोळा होतो. त्यातून तंबूच्या भिंती होतात, अंथरुणं होतात, खोगिराखालची घडी होते. हिरोडोटसने तर झाडाखाली राहणाऱ्या आणि हिवाळ्यात त्या झाडालाच पांढरं फेल्ट गुंडाळणाऱ्या लोकांबद्दल लिहून ठेवलं आहे. त्याच्या सगळ्याच गोष्टींवर विश्वास ठेवावा असं नाही, पण ही पटण्यासारखी आहे.

भारतात हा माल नमदा म्हणून ओळखला जातो. अकबराने घोड्यासाठी ऊबदार झूल मागितली, एका कारागिराने लोकर दाबून ती करून दिली आणि तिथून काश्मिरी नमदा सुरू झाला, अशी आख्यायिका तिथे सांगतात. आख्यायिकेला बादशहा लागतोच. पण खुद्द अकबराच्या दरबारात लिहिल्या गेलेल्या ‘आइन-ए-अकबरी’त अबुल फज़लने अशी लोकरी पांघरुणं काबूल आणि इराणहून येतात, आणि या देशातही होतात, एवढंच साधेपणाने नोंदवलं आहे. काश्मीरच्या नमद्याला खरी चालना दिली ती व्यापाराने. यारकंद आणि खोतानचे साधे नमदे काराकोरम खिंड ओलांडून लेहला येत आणि पुढे श्रीनगरला जात. तिथले कारागीर त्यांच्यावर आरीने साखळीटाक्याची फुलं-पानं भरत. पुढे श्रीनगरनेच नमदे करायला घेतले आणि १९३० च्या दशकात अमेरिकेत त्यांना मोठी मागणी आली. मागणी वाढली तशी लोकरीत कापसाची भेसळही वाढली, आणि आटणं ज्याला ठाऊक नाही तो कापूस नमद्याला ढिला करत गेला. १९४९ नंतर यारकंदची वाट बंद झाली. १९९८ ते २००८ या दहा वर्षांत काश्मिरी नमद्याची निर्यात जवळजवळ शून्यावर आल्याचं केंद्र सरकारच सांगतं. २०२१ मध्ये सहा जिल्ह्यांत २,२५० जणांना हे काम शिकवण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, तो त्यानंतरचा.

दख्खनच्या मेंढीची लोकर राठ. धनगरांच्या कळपातली ही लोकर सणगर विणतात, विणलेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, आणि ती घोंगडी ऊन-पाऊस अंगावर घेते. पण घोंगडीला माग लागतो. लोकर न विणता दाबून केलेला बुरणूसही मराठी घरांना एकेकाळी माहीत होता आणि बसायला, निजायला जाड जेनही असे. घोंगडीच्या वाट्याला लोककथा आणि गाणी आली. बुरणूस मात्र शब्दकोशात उरला.

आता जर्मनीकडे वळू, कारण पेल्याखालच्या चकतीचं खरं नाट्य तिथे घडलं.

एकोणिसाव्या शतकात जर्मन बीअरगृहांत श्रीमंतांच्या मगाला कथलाचं झाकण असे. ज्यांना ते परवडत नसे त्यांच्या मगासोबत फेल्टची चकती येई. बागेत झाडाखाली बसलं की ती मगावर ठेवायची, म्हणजे पानं, किडे आत पडत नाहीत. आत टेबलाशी बसलं की तीच मगाखाली, म्हणजे ओघळलेली बीअर आणि गार मगावरचं दव लाकडावर उतरत नाही. शोषायच्या कामात लोकरीचा हात कोण धरणार! पण शोषलेलं जाणार कुठे? रात्री दुकान बंद झालं की भिजलेल्या चकत्या वाळत घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच गिऱ्हाइकापुढे ठेवायच्या. आंबलेल्या बीअरचा वास, कालच्या गिऱ्हाइकाचे ओठ ज्याला लागले त्या मगाचा ओलावा, आणि आज तीच चकती नव्या मगाच्या तोंडावर.

हाच काळ रोगजंतूंच्या शोधांचाही होता. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्ये जाहीर केला आणि पुढच्या दोन वर्षांत पटकीचा जंतू ओळखला. १८९२ च्या उन्हाळ्यात हॅम्बुर्गमध्ये पटकीची साथ आली आणि आठ हजारांहून अधिक माणसं दगावली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ड्रेस्डेनच्या रॉबर्ट स्पुट यांनी लाकडाच्या लगद्यापासून चकत्या करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. या दोन घटना एकमेकींना थेट जोडायचं कारण नाही, पण हवा तीच होती. त्याआधी १८८० मध्ये माग्डेबुर्गजवळच्या बुकाऊ इथे फ्रीडरिश हॉर्न यांच्या छापखान्याने पुठ्ठ्याच्या चकत्या काढल्या होत्या. स्पुट यांनी लगदा गोल साच्यांत ओतून रात्रभर वाळवला. चकती १०७ मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे ५ मिलिमीटर जाड. शोषायला पुरेशी, आणि भिजली की फेकून द्यायला स्वस्त. आजही बीअरच्या गोल चकतीचा व्यास बऱ्याचदा एवढाच असतो. पुढे १९०३ पासून ब्लॅक फॉरेस्टमधल्या वाइसेनबाखच्या काट्झ कंपनीने हे उत्पादन मोठ्या प्रमाणावर चालवलं. जंगलाच्या कडेला लाकूड कापणाऱ्यांना लगदा परका नव्हता.

फेल्ट हरलं ते स्वच्छतेपायी, असं सगळीकडे सांगितलं जातं. ते अर्धंच खरं वाटतं. नुसत्या स्वच्छतेचाच प्रश्न असता तर चकत्या उकळून घेता आल्या असत्या. कष्ट होते, पण अशक्य नव्हतं. पुठ्ठ्याने आणखी एक गोष्ट साधली जी लोकरीला जन्मात जमली नसती: त्याच्यावर छापता येतं. बीअर गाळणाऱ्या कंपनीला गिऱ्हाइकाच्या नाकासमोर तासन्‌तास राहणारी जाहिरात फुकटात मिळाली. वेटरलाही त्या चकतीच्या कडेवर पेन्सिलीने रेघा मारून मगांचा हिशेब ठेवता येऊ लागला. जर्मनीत या रेघांना हिशेबाचा पुरावा मानतात. गुपचूप एखादी रेघ खोडणं ही तिथे गंमत ठरत नाही. फेल्टवर पेन्सिल उठत नाही. बव्हेरियात मात्र लोक पुठ्ठ्याच्या चकतीलाही अजून बीअरचं फेल्टच म्हणतात.

यानंतर लोकरीचं फेल्ट टेबलावरून उठलं आणि कारखान्यात जाऊन बसलं. पियानोच्या हातोड्यांवर तर ते आधीपासूनच होतं. पॅरिसच्या ज्याँ-आँरी पाप यांनी १८२६ मध्येच कातड्याऐवजी फेल्ट वापरायला घेतलं होतं. टोप्या, यंत्रांच्या गाद्या, पॉलिशची चाकं, सगळीकडे ते शिरलं. घरगुती हाताने करायचं काम म्हणून युरोपात त्याची आठवण बऱ्याच ठिकाणी पुसट झाली. ती परत आणण्यात एका संग्रहालयाच्या संचालिकेचा वाटा मोठा आहे. इंग्लंडमधल्या केंडल गावच्या ॲबट हॉल कलादालनाच्या मेरी बर्केट यांनी इराण, तुर्कस्तान भागातलं फेल्ट पाहून त्याचा ध्यास घेतला आणि १९७९ मध्ये त्यावर मोठं प्रदर्शन भरवलं, पुस्तकही काढलं. १९८४ मध्ये फेल्ट करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. घोड्यामागे बांधायची वळकटी आता ओट्यावर मावेल इतकी लहान झाली आणि शिकायला सोपी म्हणून चकती पहिल्या धड्यात आली.

या धड्यात फारसं सामान लागत नाही. पिंजलेल्या मेरिनो लोकरीचे पातळ झुबके, फुगेवाल्या प्लास्टिकचा तुकडा, जाळीचं कापड, साबण, गरम पाणी. झुबक्यांचा एक थर आडवा, त्यावर दुसरा उभा, असे तीन-चार थर. तयार चकती दहा सेंटिमीटरची हवी असेल तर मांडणी चौदा-पंधराची करायची, कारण लोकर सहज एक तृतीयांश आटते. जाळी टाकून साबणाचं गरम पाणी शिंपडायचं आणि सुरुवातीला बोटांनी अगदी हलकं, गोल गोल फिरवायचं. इथेच नवशिके घाई करतात: आधीच जोर लावला की थर सरकतात आणि मध्ये भोक पडतं. चिमटीत धरून ओढल्यावर एकेक केस सुटा येत नाही, उलट सगळं कातडं एकदम उचललं जातं, तेव्हा समजायचं की लोकर धरली. मग काठीभोवती गुंडाळून लाटायची, दर खेपेला चौथाई वळवून, नाहीतर ती एकाच बाजूने आटून लंबगोल होते. शेवटी साबण धुवायचा, थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यातून काढायची आणि सपाट वाळवायची.

याच युक्तीचा धंदा काठमांडूने केला. तिथल्या कार्यशाळांत लोकर साबणाच्या पाण्यात भिजवून तळहातांवर लाडवासारखी वळतात. त्या रंगीत गोट्या दोऱ्याने ओवून चकत्या होतात आणि परदेशी जातात. गंमत अशी की हिमालयाच्या पायथ्याशी वळली जाणारी ही लोकर बरीचशी न्यूझीलंडहून येते; स्थानिक मेंढीची लोकर या कामाला फार राठ पडते.

बाजारात आज ‘फेल्ट’ म्हणून मिळणाऱ्या चकत्यांपैकी पुष्कळशा लोकरीच्या नसतातच. पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिकचे तंतू कारखान्यात काटेरी सुयांनी टोचून त्यांची चादर करतात आणि तीतून साच्याने चकत्या कापतात. पाणी ती तंतूंमध्ये धरते, तंतूंच्या आत नाही, म्हणून सांडलेला चहा लवकर खालच्या लाकडापर्यंत पोचतो. ओळखायची जुनी खूण म्हणजे एक तंतू ओढून जाळून पाहणं. लोकर केस जळल्याचा वास सोडते आणि चुरा होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. चहाच्या कपाखाली दोन्ही चालतात. गॅसवरून उतरवलेल्या लोखंडी कढईखाली मात्र लोकरीचीच चकती ठेवलेली बरी, दुसरी टेबलाला चिकटून बसू शकते.