घडीची लिपी

कागदाला घडी घालणे ही कृती इतकी साधी की, तिला इतिहास असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. पावसाळ्यात वहीचे पान फाडून होडी करणाऱ्या मुलाला ती कुणी शिकवली असे विचारले, तर तो ताईचे किंवा शेजारच्या दादाचे नाव सांगेल; पुस्तकाचे सांगणार नाही. हाताकडून हाताकडे जाणारे हे ज्ञान लेखनात आणण्याचे जे प्रयत्न गेल्या सव्वादोनशे वर्षांत झाले, त्यांचा मागोवा आम्हांला येथे घ्यावयाचा आहे. हे प्रयत्न अखेर यंत्रमानवापर्यंत जाऊन पोहोचले. तेथे त्यांना लागलेले वळण साहित्याच्या अभ्यासकांनीही विचारात घ्यावे असे आहे.

१७९७ साली जपानमधील क्योतो येथे ‘हिदेन सेम्बाझुरु ओरिकाता’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. एकाच कागदातून एकमेकांना जोडलेले अनेक क्रौंच पक्षी कसे घडवावेत, याच्या ४९ रचना त्यात आहेत. प्रत्येक रचनेला कागद कापण्याचा आराखडा आहे, तयार आकृतीचे चित्र आहे आणि सोबत ‘क्योका’ म्हणून ओळखली जाणारी विनोदी ढंगाची पद्येही आहेत. आराखडा आणि तयार पक्षी यांच्या मधली वाट मात्र बहुतांशी वाचकावर सोपवलेली आहे. ज्याला क्रौंच करता येतो त्याच्यासाठीच हे पुस्तक लिहिले गेले. मौखिक परंपरेतली रचना प्रथम लिहून काढली जाते, तेव्हाही असेच घडते: जे सर्वांना ठाऊक असते ते लिहिले जात नाही.

ही मधली वाट लिहिण्याचे श्रेय अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांना द्यावे लागेल. कारखान्यात काम करीत असताना तेथील नवोदितांना भूमिती शिकवण्यासाठी त्यांनी घड्यांचा उपयोग केला. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी तुटक रेषा आणि बाण यांची एक चिन्हव्यवस्था मांडली. घडी आत जाते की बाहेर येते, म्हणजे कागदावर दरी पडते की डोंगर उभा राहतो, हे रेषेच्या प्रकारावरून कळू लागले. सॅम्युएल रँडलेट यांनी १९६१ मध्ये तिचा विस्तार केला आणि भाषेचा अडसर न येता ती जगभर वाचली जाऊ लागली. घडीला लिपी मिळाली. परंतु याच योशिझावांनी ओलसर कागदाला हलके गोलावे देण्याची पद्धतही रूढ केली. तो गोलावा किती असावा, हे त्यांच्या चिन्हांत पुरते मावत नाही. लिपी देणाऱ्यानेच लिपीबाहेरचा प्रदेशही दाखवून दिला, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

दुसरा प्रवाह गणिताचा, आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्याकडचा आहे. १८९३ मध्ये मद्रास येथे टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती मांडणारे इंग्रजी पुस्तक निघाले. फ्रोबेलच्या बालशिक्षणातील कागदाच्या घड्यांवरून त्याची कल्पना सुचल्याचे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी या पुस्तकाची दखल घेतली आणि १९०१ साली शिकागोहून त्याची नवी आवृत्ती निघाली. पुढे १९३६ मध्ये इटलीतील मार्गेरिता बेलोक यांनी पट्टी-कंपासला न सुटणारी घन समीकरणे एका विशिष्ट घडीने सोडवता येतात, हे दाखवले. या घडीत कागदावरचे दोन बिंदू एकाच वेळी दोन रेषांवर आणावे लागतात. सिद्धांतात हे एका वाक्यात सांगता येते. प्रत्यक्षात मात्र कागद थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवत, दोन्ही बिंदू जागेवर येईपर्यंत हाताला चाचपडावे लागते.

हे चाचपडणे यंत्राला कसे शिकवायचे, असा प्रश्न पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डेव्हिन बाल्कम यांनी मॅथ्यू मेसन यांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या, २००४ मध्ये पूर्ण झालेल्या प्रबंधात हाती घेतला. त्यांचा यंत्रबाहू हवा शोषणाऱ्या वाटीने कागद उचलून धरी, खाचेवर ठेवी आणि पट्टीने तो खाचेत दाबून घडी पाडी. विमान, सामुराईची टोपी अशा वस्तू त्याने केल्या. एका वेळी एकाच सरळ रेषेवर पडणाऱ्या घड्या एवढीच त्याची वर्णमाला होती. क्रौंचासाठी काही ठिकाणी अनेक घड्या एकदम हलाव्या लागतात. त्या या वर्णमालेत बसत नाहीत.

त्याच सुमारास बाल्कम आणि एरिक डिमेन प्रभृतींनी एक गमतीची गोष्ट सिद्ध केली. दुकानात मिळणाऱ्या चौकोनी तळाच्या कागदी पिशवीच्या बाजू पत्र्यासारख्या ताठ आहेत असे मानले, तर नेहमीच्या घड्यांवर ती मिटवून सपाट करताच येत नाही. आपण रोज ती मिटतो, कारण कागद मिटताना किंचित वाकतो आणि हात त्या वाकण्याचा फायदा घेतो. हा फायदा आपण घेतो हे आपल्यालाही ठाऊक नसते. जे ठाऊकच नाही ते सूचनेत कसे लिहिणार?

यावरचा अलीकडचा उपाय सूचना बाजूला ठेवण्याचा आहे. मार्च २०२५ मध्ये गूगल डीपमाइंडने आपल्या ‘जेमिनी रोबोटिक्स’ या प्रणालीच्या आधारे दोन हातांच्या यंत्राकडून कागदाचा कोल्हा करवून दाखवला. अशा यंत्रांचे हात आधी माणसे स्वतः चालवून ती कृती पुनःपुन्हा करून दाखवतात. त्या नोंदींवरून यंत्र शिकते. म्हणजे लिपी, सिद्धांत आणि वर्णमाला असा प्रवास करून आपण पुन्हा ताईपाशी, ‘बघ, असं कर’ या वाक्यापाशी येऊन थांबलो आहोत. फरक इतकाच की, होडी करणारे मूल ताईचे नाव सांगते. यंत्राला घडी दाखवणारे हात मात्र आपल्यासमोर निनावीच राहतात.

लेखनाचे सारे प्रयत्न व्यर्थ होते, असा याचा अर्थ आम्ही काढत नाही. योशिझावांच्या रेषा नसत्या, तर ही कला मराठी घरांत आज दिसते तितकी रुजली नसती. अनिल अवचटांसारख्या लेखकाने ओरिगामी हा आयुष्यभराचा छंद केला, ‘छंदांविषयी’ या पुस्तकात आपल्या छंदांबद्दल लिहिले. आणि हे लिहिणेही खऱ्या अर्थाने पुरे होते ते वाचक कागद हाती घेतो तेव्हाच. वर्गात आम्ही कवितेचे टिपण उतरवून देतो, तेव्हा तेही त्या १७९७ च्या पुस्तकासारखेच असते: आराखडा आहे, तयार आकृती आहे, मधली वाट नाही. ती वाट विद्यार्थ्यासमोर बसून, कविता मोठ्याने वाचून, अडखळून, पुन्हा मागे येऊन दाखवावी लागते. टिपण देऊन आपले काम संपले असे मानण्यापूर्वी कागदाची एखादी पिशवी मिटून पाहावी, एवढेच आमचे शिक्षकमित्रांना सांगणे आहे.