रखमाबाई आणि तिचे घर

रखमाबाईंचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचे हायकोर्ट उभे राहते. नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करीन, असे १८८७ साली सांगणारी ती बावीस वर्षांची तरुणी! पण आज आपल्याला कोर्टात जायचे नाही. अकराव्या वर्षापासून विशीपर्यंत ही मुलगी ज्या घरात वाढली, त्या घरात डोकवायचे आहे. 'नाही' म्हणण्याचे बळ साक्षीच्या पिंजऱ्यात येत नसते. ते घरातच कणाकणाने साठत असते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. आई जयंतीबाई पंधराव्या वर्षी आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. जातीने ही मंडळी सुतार. त्यांच्यात विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा होती. सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा संसार मांडला आणि त्याआधी पहिल्या पतीची मिळकत मुलीच्या नावे करून दिली. सखाराम अर्जुन हे वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. १८८३ साली मुंबईत निसर्ग-इतिहासाची जी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांतील दोन भारतीयांपैकी ते एक होते.

अशा घरातदेखील मुलीचे लग्न अकराव्या वर्षीच झाले! नवरा दादाजी भिकाजी १९ वर्षांचा. शाळा सुटली. आजोबा हरिश्चंद्र यादवजी आणि आई यांना रूढी मोडवली नाही. मात्र मुलगी वयात आली तेव्हा सासरी पाठवण्यास डॉक्टरांनीच हरकत घेतली. कोवळ्या वयातील संसर्गाचे परिणाम त्यांनी वैद्य म्हणून पाहिले होते. दादाजींनी या घरी राहावे, शिकावे, अशी त्यांची इच्छा होती; दादाजी मात्र मामाकडे निघून गेले. इकडे रखमाबाई मिशनच्या ग्रंथालयातून आणलेली पुस्तके घरी वाचीत राहिल्या. एकाच घराने एका हाताने बेडी घातली आणि दुसऱ्या हाताने किल्ली दिली, असेच म्हणावे लागेल.

१८८४ साली दादाजींनी दावा लावला. त्यांच्या पक्षाचे म्हणणे असे, की मुलीला स्वतःचे मन नाही. मिळकतीसाठी आई आणि आजोबा तिला फितवीत आहेत. हा आरोप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. घराचा प्रभाव होताच! पण घराने शिकवलेले मत आपले नसते काय? १८८५ च्या एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन वारले. आधार गेला, तरी मुलगी डगमगली नाही. त्याच वर्षी तिने 'एक हिंदू स्त्री' या नावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली. सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. पुढच्या वर्षी अपिलात तो निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांची कैद, असा हुकूम दिला. कैद भोगायची ती तिने, आजोबांनी नव्हे. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि तुरुंग टळला. पुढे लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली.

एक गोष्ट सांगून संपवतो. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा ज्याच्या घरी त्या कधी नांदल्या नाहीत त्या नवऱ्यासाठी रखमाबाईंनी विधवेचे पांढरे पातळ नेसले. कोणाला ही विसंगती वाटेल. मला तीत जयंतीबाईंचे घरच दिसते: बंधन आणि मोकळीक एकाच ताटात वाढणारे. आपल्या घरातील मुलगी आपण काय बोलतो एवढेच ऐकत नाही. आपण कोठे वाकलो आणि कोठे ताठ उभे राहिलो, हेही ती पाहत असते. त्यातून काय उचलायचे, हे शेवटी तिचे तीच ठरवते. आपण एवढेच करावे, की उचलण्याजोगे काही तिच्यापुढे ठेवावे.