ड्रिटविकचे धोंडे आणि माग्नुस वेर

आइसलँडच्या पश्चिम टोकाला, द्यूपालोन्ससांदुर नावाच्या काळ्या किनाऱ्यावर चार धोंडे पडलेले आहेत. वजनं १५४, १००, ५४ आणि २३ किलो. शेजारच्या ड्रिटविक खाडीत एके काळी मासेमारीचा मोठा तळ होता. हंगामात शेकडो माणसं वल्ह्यांच्या होड्या घेऊन तिथं उतरत. कुणाला होडीवर घ्यायचं, हे या धोंड्यांवर ठरायचं. ५४ किलोचा धोंडा कमरेइतक्या उंच खडकावर ठेवला तर वल्ह्यावर जागा, नाहीतर परतीची वाट. शिफारस चालत नसे.

आमच्या सांगली भागात मारुतीच्या देवळापुढं गोटा असतो. तो उचलला की गावात मान. ड्रिटविकला मान नव्हे, हंगामाची भाकरी मिळायची. स्ट्राँगमॅन स्पर्धेचा इतिहास सांगताना लोक हे विसरतात आणि थेट टीव्हीपासून सुरुवात करतात.

टीव्हीची सुरुवात तशी गमतीचीच होती. १९७७ साली कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल स्टुडिओत पहिली ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ झाली. पाठीवर फ्रिज बांधून पळायची शर्यत लावली आणि आदल्याच वर्षी मिस्टर ऑलिंपिया झालेल्या फ्रँको कोलंबूचा पाय गुडघ्यातून निखळला. ‘हा खेळ नव्हे, तमाशा आहे,’ असं आमचे वस्ताद म्हणत. त्या वर्षापुरतं त्यांचं खरंच होतं.

पण पुढं या तमाशात आइसलँडची माणसं आली. यॉन पॉल सिग्मार्सननं १९८४, ८६, ८८ आणि ९० अशी चार वेळा स्पर्धा जिंकली. सोनेरी केसांचा, बोलघेवडा, कॅमेऱ्यासमोर फुलणारा गडी. त्याच्यामागून आला माग्नुस वेर माग्नुसन. १९६३चा जन्म, पूर्व आइसलँडचा. मूळचा पॉवरलिफ्टर. १९९१ला तेनेरिफेत जिंकला, पुढची दोन वर्षं दुसरा आला. मग १९९४ला दक्षिण आफ्रिकेत सन सिटी, ९५ला बहामा आणि ९६ला मॉरिशस, असा लागोपाठ तीनदा पहिला.

त्याचं धोंडा उचलणं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय, कारण मी आयुष्यभर पोरांना वजन उचलायला शिकवलं. बारबेलला पकडायला दांडा असतो. गोल धोंड्याला काहीच नसतं. पाय फाकवून त्याच्यावर वाकायचं, बोटं खालून सारायची, आधी मांडीवर ओढायचा. तिथं क्षणभर बसून दम घ्यायचा, मग दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून कंबर पुढं रेटत उभं राहायचं. हात वाकवून जोर लावला की दंडाचा स्नायू तुटायची भीती. नव्या पोरांना हे पटत नाही. त्यांना दंडच दाखवायचा असतो! माग्नुसचे हात दोरासारखे सैल लोंबत, सगळा जोर पाठीत आणि मांड्यांत.

आइसलँडमधल्याच हुसाफेलचा १८६ किलोचा धोंडा तर उचलून पुरत नाही, पोटाशी धरून चालावं लागतं. अठराव्या शतकात स्नोरी ब्योर्नसन नावाचा पाद्री तिथं राहायचा. त्यानं बांधलेल्या मेंढ्यांच्या वाड्याभोवती तो धोंडा फिरवायचा, ही जुनी कसोटी. पाद्र्याच्या मुलीनं तो उचलला होता म्हणतात. खरंखोटं देव जाणे. आज त्याच्या प्रतिकृती जगभरच्या स्पर्धांत वापरतात.

यॉन पॉल जानेवारी १९९३मध्ये जिममध्ये डेडलिफ्ट मारतानाच हृदय बंद पडून गेला. वय अवघं ३२. देश हळहळला आणि आजही तिथं लाडका तोच. माग्नुस निवृत्त झाल्यावर जिम चालवायला लागला. यॉन पॉलची पिढी जिथं घाम गाळायची त्या जुन्या जिमचं ‘याकाबोल’ हे नाव त्यानं आपल्या जिमला दिलं. नंतर ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’मध्येच पंच म्हणून उभा राहिला.

विजेतेपदं दोघांची सारखीच. तरी मला विचाराल तर मी माग्नुसला वरचढ मानतो. एखाद्या दिवशी अंगात वारं भरलं की कुणीही भारी उचलतो. १९९१ ते ९६ अशी सहा वर्षं माग्नुस दुसऱ्या नंबरच्या खाली आला नाही. स्पर्धा लागोपाठ तीनदा जिंकणारे आजवर दोघेच: अमेरिकेचा बिल काझमायर आणि माग्नुस.