चोखोबांची भिंत

संतांच्या अभंगांत त्यांच्या व्यवसायांची परिभाषा येते ती केवळ अलंकार म्हणून, असे मानणे आम्हांस पटत नाही. अरणच्या सावतोबांना मळा, तेरच्या गोरोबांना चाक आणि पंढरपूरच्या नरहरी सोनारांना मूस ही चिंतनाचीच साधने होती. सावतोबा तर मळा सोडून पंढरीस गेले नाहीत अशी परंपरा आहे. त्यांच्या भेटीस पांडुरंगाचीच पालखी आषाढात अरणला जाते.

‘कर्म हीच पूजा’ हा विचार मात्र व्याख्यानांतून इतका गुळगुळीत झाला आहे, की ते कर्म कोणी कोणावर लादले हा प्रश्न त्याखाली सहज झाकला जातो. कुंभाराच्या वा सोनाराच्या हातून वस्तू घडे, तिच्यावर त्याची मुद्रा उमटे. चोखोबांच्या वाट्याला आली ती गावकीची राबणूक, आणि देवळाची पायरी बंद. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून इतर मजुरांसह त्यांचा अंत झाला. सन 1338 हे त्याचे रूढ साल. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या. समाधी झाली ती महाद्वारासमोर, म्हणजे बाहेरच. चोखोबांचे पुत्र कर्ममेळा यांच्या अभंगांत शरणागतीपेक्षा जाब विचारणेच अधिक आहे. श्रमाचे माहात्म्य सांगणाऱ्यांनी ते अभंग आधी वाचावेत, असे आम्हांस वाटते.

हे सुचते त्याला आमचा परिसरही कारण असावा. सुरतेच्या या बमरोली भागात यंत्रमागांवर खानदेशातून आलेली पुष्कळ माणसे राबतात. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. त्यांच्याच खानदेशातील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर नि शेतात त्यांना सुचलेली गाणी पुत्र सोपानदेव आदींनी टिपून ठेवली, म्हणून 1952 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. जात्याच्या घरघरीत गळा मिसळता येतो. येथे चार माग एकदम चालू लागले, की शेजारच्याची हाकही ऐकू येत नाही.

तरीही सुटीच्या रात्री एखाद्या खोलीत टाळ वाजतात. त्या भजनांत मोट येते, मडके येते, मूस येते. ताणा-बाणा आला तर तो कबिरांच्या पदातून, आणि कबिरांचा माग हाताचा होता.