जोड कोणाची होती?

गेल्या वर्षी विसर्जनाच्या आदल्या रात्री मंडपातल्या खुर्च्या आवरताना आमच्या नातवाने प्रश्न टाकला. "आजोबा, फ्लॉइड मेवेदर पन्नास लढती लढला आणि पन्नासही जिंकला. मोहम्मद अली पाच वेळा हरला. मग थोर कोण?" मला चटकन उत्तर सुचले नाही. आठवण झाली ती वडिलांची. ते तरुणपणी इथे बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिरात जात. अमक्या पैलवानाने इतक्या कुस्त्या मारल्या, असे कोणी सांगू लागले की ते म्हणत, "ते राहू दे. जोड कोणाची होती, ते सांग."

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर याच वाक्यात आहे. पण त्यासाठी मुष्टियुद्धाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

या खेळातला सर्वांत गाजलेला आकडा ४९-० हा आहे. तो रॉकी मार्सियानोचा. जन्म १९२३, अमेरिकेतल्या ब्रॉक्टन या बुटांच्या कारखान्यांच्या गावी. आईवडील इटलीहून आलेले, वडील बुटांच्या कारखान्यातच कामाला. मार्सियानो १९४७ ते १९५५ या काळात ४९ लढती लढला, सगळ्या जिंकला आणि त्यांतल्या ४३ ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या होण्याआधीच संपवल्या. १९५२ साली तो हेवीवेट जगज्जेता झाला. सहा वेळा पद राखले आणि एप्रिल १९५६ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी हातमोजे उतरवले ते कायमचे.

आता हा हिशेब उलगडून पाहू. सुरुवातीच्या बहुतेक लढती प्रॉव्हिडन्स शहरात, फारसे नाव नसलेल्या गड्यांशी झाल्या. यात गैर काही नाही. नव्या पोराला आधी हलक्या जोडी लावायच्या आणि मग चढत्या, ही रीत आपल्या आखाड्यांतही आहे. पण ४९ या आकड्यात या लढतीही धरलेल्या असतात, आणि कागदावर प्रत्येक विजय सारखाच दिसतो.

पुढची नावे मात्र मोठी आहेत. ऑक्टोबर १९५१ मध्ये त्याने जो लुईसला आठव्या फेरीत हरवले. लुईस तेव्हा ३७ वर्षांचा होता. निवृत्त झालेला हा महान योद्धा कराची थकबाकी फेडण्यासाठी पुन्हा रिंगमध्ये उतरला होता. ज्याला आदर्श मानले त्यालाच खाली पाडल्यावर मार्सियानोच्या डोळ्यांत पाणी आले, असे सांगतात. ज्याच्याकडून जगज्जेतेपद घेतले तो जर्सी जो वॉलकॉट ३८ वर्षांचा. शेवटचा प्रतिस्पर्धी आर्ची मूर चाळिशीला टेकलेला आणि मुळात एका वजनगटाने खालचा. म्हणून टीकाकार म्हणतात, याने म्हाताऱ्यांना मारले.

या टीकेत तथ्य आहे, पण ते अर्धेच. वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडले होते. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर मार्सियानो मागे होता. तेराव्या फेरीत उजव्या हाताचा एकच ठोसा बसला आणि लढत संपली. १९५४ साली एझर्ड चार्ल्सशी दोन लढती झाल्या. पहिल्या लढतीत चार्ल्सने पूर्ण पंधरा फेऱ्या तग धरली. मार्सियानोपुढे असे करणारा तो एकटाच. दुसऱ्या लढतीत मार्सियानोचे नाक असे फाटले की लढत थांबवण्याची वेळ आली होती. आठव्या फेरीत त्यानेच चार्ल्सला बाद केले. आणि मुख्य म्हणजे वय काहीही असो, त्या काळात हेच सर्वोत्तम होते, आणि मार्सियानोने त्यांच्यापैकी कोणालाही टाळले नाही.

"विजय" या शब्दाखालीही बरेच काही झाकले जाते. मार्च १९५० मध्ये मार्सियानो आणि रोलंड लास्टार्झा हे दोघे अपराजित तरुण समोरासमोर आले. एका पंचाने एकाला कौल दिला, दुसऱ्याने दुसऱ्याला. तिसऱ्याच्या कागदावर फेऱ्या समसमान होत्या, म्हणून पूरक गुणांवर निकाल लागला. ते गुण इकडचे तिकडे झाले असते, तर आज ४९-० हा आकडाच नसता. लुईसचेही तसेच. डिसेंबर १९४७ मध्ये वॉलकॉटने त्याला दोनदा खाली पाडले. आपण हरलो असे समजून लुईस निकालाआधीच रिंगबाहेर निघाला होता. निकाल मात्र त्याच्या बाजूने लागला, आणि नोंदवहीत ती लढत "विजय" म्हणूनच आहे.

मग पराभवांचे काय? लुईस एकूण तीनदा हरला. पहिल्यांदा १९३६ मध्ये, जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगकडून, बाराव्या फेरीत. दोनच वर्षांनी त्याने श्मेलिंगला १२४ सेकंदांत आडवे केले. त्या दोन मिनिटांचे मोल आधीच्या पराभवाशिवाय कळत नाही. उरलेले दोन पराभव निवृत्तीनंतरच्या पुनरागमनातले. अलीचेही पराभव तपासून पाहा. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून उमेदीची साडेतीन वर्षे त्याला लढू दिले गेले नाही. त्यानंतर तो फ्रेझरकडून हरला, नॉर्टनकडून हरला, पुढे लिऑन स्पिंक्सकडूनही हरला. या तिघांनाही त्याने नंतर हरवले. शेवटचे दोन पराभव ३८ आणि ३९ व्या वर्षीचे, शरीराने साथ सोडल्यानंतरचे. आणि १९७४ साली किन्शासात त्याने ज्या जॉर्ज फोरमनला खाली पाडले, त्याचा तोवरचा हिशेब ४०-० होता!

चार्ल्सच्या नावावर तर पंचवीस पराभव आहेत. नुसता आकडा पाहणारा त्याला सामान्य समजेल. पण याच चार्ल्सने मूरला तीनदा हरवले होते. त्याचे बरेचसे पराभव मार्सियानोनंतरच्या उतरत्या वर्षांतले आहेत.

सर्वांत मोठी गोष्ट मात्र कुठल्याच हिशेबात लिहिलेली नसते. ती म्हणजे न झालेल्या लढती. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ जगज्जेता होता. हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय योद्धा सारा वेळ त्याच्याशी लढायला तयार होता. बोलणी झाली, लढत झाली नाही. सॅम लँगफर्डला तर हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढण्याची संधी कधीच मिळाली नाही. स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या जॅक जॉन्सननेही जगज्जेता झाल्यावर ती दिली नाही. विल्स आणि लँगफर्डचे नाव घेतल्याशिवाय त्या काळातल्या कोणाचाही हिशेब पुरा होत नाही.

शून्याचा मोह मोठा असतो. लॅरी होम्स ४८-० वर पोहोचला. मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला बरोबर तीस वर्षे झाली त्या दिवशी, २१ सप्टेंबर १९८५ रोजी, तो मायकेल स्पिंक्सकडून गुणांवर हरला. त्यानंतर मार्सियानोबद्दल कडवट बोलून बसला आणि पुढे त्याला माफी मागावी लागली. मेवेदरची पन्नासावी लढत २०१७ साली कॉनर मॅकग्रेगरशी झाली. हा दुसऱ्या खेळातला गडी, व्यावसायिक मुष्टियुद्धात पहिल्यांदाच उतरलेला. पण म्हणून मेवेदरला हलका ठरवणेही चूक. कोटो, अल्वारेझ, पॅक्याव ही त्याच्या यादीतली नावे खरी आहेत. पन्नासावी जोड मात्र हलकी होती.

नातवाला शेवटी एवढेच सांगितले: आकडा पुसू नकोस, पण त्याच्याशेजारी चार रकाने काढ. समोर कोण होता? तेव्हा त्याचे वय काय होते? विजय कसा मिळाला? आणि कोणाशी लढत झालीच नाही? असे मांडले की मार्सियानोचा शून्य खरा आणि कष्टाने मिळवलेला ठरतो. पण अलीचे पाच पराभव मांडूनही त्याचे पारडे जड राहते, कारण त्याच्या जोडी भारी होत्या. निदान माझ्या तराजूत तरी.

नातवाने दुसऱ्या दिवशी वहीत रकाने काढले. त्याचा निकाल माझ्याहून वेगळा निघाला. वाद अजून चालू आहे, आणि यंदाही खुर्च्या आवरताना तो चालूच राहील.