हजेरीपटाची झेरॉक्स: राजस्थानातील माहितीच्या हक्काची सुरुवात

माहिती-संस्कृती म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर मोबाइल येतो. या पाठात आपण अशा लढ्याकडे पाहणार आहोत, ज्यात वादाचे यंत्र झेरॉक्सचे होते.

१९९० साली राजस्थानात भीम येथे मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. सरकारी कामांवर मजुरांना ठरलेली किमान मजुरी मिळत नसे. विचारणा केली तर उत्तर येई, ‘नोंदीप्रमाणे तुमचे काम कमी भरले.’ नोंद दाखवा म्हटले, की ती गोपनीय! १९२३चा शासकीय गुपिते कायदा तेव्हाही लागू होता आणि गावच्या बंधाऱ्याचा हिशेबही जणू देशाचे गुपित ठरत होता.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराणा गावात पहिली जनसुनावणी झाली. हजेरीपट आणि बिले लोकांसमोर मोठ्याने वाचली जात. ज्याचे नाव पुकारले जाई तो उठून सांगे, की या कामावर मी गेलोच नव्हतो. पुढच्या सुनावण्यांतही हेच दिसले: गाव सोडून गेलेल्यांची, मेलेल्यांचीही नावे हजेरीत! येथे जरा थांबा. श्रोत्यांपैकी अनेकांना वाचता येत नव्हते. तरीही ‘डेटा पडताळणी’ हा जड शब्द आज आपण ज्यासाठी वापरतो, ते काम त्यांनी बसल्या जागी केले, कारण कोण कोठे राबले हे त्यांना ठाऊक होते. अडले होते ते फक्त कागदापाशी.

एप्रिल १९९५मध्ये मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत यांनी विधानसभेत प्रती देण्याचे आश्वासन दिले. वर्ष गेले, प्रती मिळाल्या नाहीत. म्हणून ६ एप्रिल १९९६ रोजी ब्यावर येथे धरणे सुरू झाले; ते ४० दिवस चालले. सरकारने कागद पाहण्याची मुभा दिली, झेरॉक्स मात्र नाही. तुम्हाला हा भेद किरकोळ वाटेल. पण हाताने उतरवलेले टिपण अधिकारी सहज नाकारू शकतो. प्रमाणित प्रत नाकारणे अवघड असते. त्यामुळे माझ्या मते या लढ्याचा गाभा झेरॉक्समध्येच आहे.

पुढचा प्रवास थोडक्यात: १९९७मध्ये तमिळनाडूने, २०००मध्ये राजस्थानने माहितीचा कायदा केला आणि १२ ऑक्टोबर २००५ रोजी केंद्रीय कायदा पूर्णपणे अमलात आला. अर्ज १० रुपयांचा, उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवस, हे तुम्ही वाचले असेल. कलम ४ मात्र सहसा वाचले जात नाही. नोंदींची सूची करा, त्या संगणकावर आणा आणि कोणी मागण्याआधीच प्रसिद्ध करा, असे ते कार्यालयांना सांगते. राजस्थानचे २०१९चे जन सूचना पोर्टल याच कलमाच्या आधारे उभे राहिले.

हजेरीही डिजिटल झाली. १ जानेवारी २०२३पासून रोजगार हमीच्या कामांवर अॅपवरून मजुरांचे फोटो टाकणे सक्तीचे झाले. जुलै २०२५मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना पत्र लिहून कळवावे लागले, की कामाशी संबंध नसलेले फोटो आणि फोटोचेही फोटो चढवले जात आहेत. उपाय म्हणून त्या पत्रात ग्रामपंचायत पातळीवर प्रत्येक फोटो आणि हजेरी माणसांनी तपासावी, असे सांगितले होते.